इलियडमध्ये लाकडी घोडा का नाही?

एका वाचकाने विचारले आहे: "मी इलियडचा अनुवाद पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात लाकडी घोडा नाही, अकिलीसची टाच नाही, भांडण लावणारे सोन्याचे सफरचंद नाही, आणि ट्रॉय पडतसुद्धा नाही. मला संक्षिप्त आवृत्ती मिळाली का? मग ही सगळी गोष्ट नेमकी आहे तरी कुठे? आणि हे युद्ध खरोखर झाले होते का?"

आपल्याला मिळालेली प्रत अपुरी नाही. इलियड हे प्राचीन ग्रीक कवी होमरचे चोवीस सर्गांचे, १५,६९३ ओळींचे काव्य आहे आणि ते ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्कारापाशी संपते. नगर तेव्हा शाबूत असते आणि ग्रीकांचा वीर अकिलीस जिवंत असतो. गेली वीस वर्षे मी प्राचीन ग्रीक शिकवते आहे आणि दर वर्षी वर्गात कोणीतरी याच घोड्याची चौकशी करते. शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी मी स्वतः टाचेची कथा बिनदिक्कत होमरच्या नावावर सांगितली होती. "बाई, हे कोणत्या सर्गात आहे?" असे एका मुलाने विचारले, तेव्हा पुस्तक उघडून शोधण्याचे नाटक करण्यापलीकडे मला काही सुचले नाही. तेव्हा आपला गोंधळ सार्वत्रिक आहे, आणि त्याचे कारण असे की ज्याला आपण ट्रॉयची गोष्ट म्हणतो ती कोणत्याही एका ग्रंथात नाही आणि कधीही नव्हती.

इलियड कशाविषयी आहे हे कवीने पहिल्याच शब्दात सांगून टाकले आहे. तो शब्द आहे 'मेनिस'. अनुवादांत त्याचा 'राग' किंवा 'क्रोध' होतो. मला मात्र मराठीत त्याला 'कोप' हाच शब्द योग्य वाटतो. आपण शेजाऱ्यावर रागावतो, पण देवीचा, निसर्गाचा असतो तो कोप. त्यात सगळे गाव भरडून काढण्याची ताकद असते. होमरमध्येही 'मेनिस' हा शब्द मुख्यतः देवांसाठी येतो, आणि माणसांमध्ये तो अकिलीसच्या वाट्याला आलेला आहे. म्हणजे आरंभीच कवी सांगतो, "देवते, अकिलीसच्या कोपाचे गाणे गा". युद्धाचे गा, असे तो म्हणत नाही. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन अकिलीसच्या वाट्याला आलेली ब्रिसेइस ही बंदिवान स्त्री हिसकावून घेतो, भर सभेत झालेल्या या अपमानामुळे अकिलीस लढायचे थांबतो, आणि त्यापायी त्याच्याच बाजूची माणसे शेकड्यांनी मरतात. त्यांत अखेर त्याचा जिवलग पॅट्रोक्लसही मरतो. मग त्या कोपाचे तोंड हेक्टरकडे वळते, आणि शेवटच्या सर्गात तो शमतो. काव्याचा विषय एवढाच आहे आणि तो पूर्ण झाल्यावर काव्य थांबते.

दहा वर्षांच्या वेढ्यापैकी या काव्याने व्यापलेला काळ जेमतेम पन्नास दिवसांचा आहे, आणि तोही शेवटच्या वर्षातला. त्यातूनही पहिल्या सर्गातली साथ, देव इथिओपियन लोकांकडे मेजवानीला गेलेले बारा दिवस, हेक्टरच्या देहाची विटंबना चालते ते दिवस आणि त्याच्या चितेसाठी लाकडे जमवण्याचे नऊ दिवस वजा केले, तर प्रत्यक्ष लढाईचे दिवस चारच उरतात. अकराव्या सर्गाच्या आरंभी जी पहाट होते, तिचा सूर्य अठराव्या सर्गात मावळतो, आणि तोही हेरा देवीने त्याला त्याच्या मनाविरुद्ध समुद्रात धाडल्यामुळे. सात-आठ सर्गांचा तो एकच दिवस आहे. दहा वर्षांचा इतिहास सांगायला बसलेला माणूस एका दिवसाला एवढी जागा देणार नाही.

असे करण्याचे धाडस कवीला झाले, कारण बाकीची गोष्ट श्रोत्यांना पाठ होती. कीर्तनकार उत्तररंगात द्रौपदीस्वयंवराचे आख्यान लावतो तेव्हा पांडव कोण आणि कौरव कोण हे तो सांगत बसत नाही, किंवा कथा स्वयंवरापाशी थांबवली म्हणून कुरुक्षेत्राचे काय झाले असे कोणी विचारत नाही. होमरच्या श्रोत्यांचे तसेच होते. म्हणून जे काव्याच्या बाहेर आहे त्याची सावली काव्यावर सतत पडलेली असते. बाविसाव्या सर्गात प्राण सोडताना हेक्टर अकिलीसला बजावतो की माझा भाऊ पॅरिस आणि अपोलो देव तुला ट्रॉयच्या स्किअन दरवाजापाशी मारतील. चोविसाव्या सर्गात त्याची पत्नी अँड्रोमकी आपल्या तान्ह्या मुलाविषयी म्हणते की एखादा ग्रीक याला हात धरून बुरुजावरून खाली भिरकावेल. ऐकणाऱ्याला हे नक्की घडणार हे ठाऊक असते. कवीला ते दाखवण्याची गरज उरत नाही.

आता उरलेल्या गोष्टीकडे वळू. प्राचीन ग्रीसमध्ये इलियड आणि होमरचेच दुसरे काव्य ओडिसी यांच्या आगेमागे बसणारी आणखी काही महाकाव्ये होती. अभ्यासक त्यांना एकत्रितपणे महाकाव्यचक्र म्हणतात. 'किप्रिया' हे अकरा सर्गांचे काव्य युद्धाच्या मूळ कारणांपासून इलियडच्या आरंभापर्यंत येत होते. 'एथिओपिस'मध्ये ॲमेझॉनांची राणी पेन्थेसिलेइया आणि इथिओपियन राजा मेम्नॉन यांचा वध, आणि मग अकिलीसचा मृत्यू होता. 'लहान इलियड'मध्ये अकिलीसच्या चिलखतावरून झालेला वाद, एजॅक्सची आत्महत्या आणि घोड्याची बांधणी होती. 'इलियमचा (म्हणजे ट्रॉयचा) विध्वंस' या दोन सर्गांच्या काव्यात नगर पडत होते. 'परतीचे प्रवास'मध्ये वीर घरी पोचत किंवा वाटेत बुडत होते. ही सगळी काव्ये नष्ट झाली आहेत. आज आपल्याजवळ त्यांच्या तुरळक ओळी आहेत आणि प्रोक्लस नावाच्या लेखकाने केलेले कोरडे गद्य सारांश आहेत. त्यांतले बरेचसे सारांश टिकले ते एका वेगळ्याच कारणाने: व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात इलियडचे दहाव्या शतकातले एक हस्तलिखित आहे, त्याच्या सुरुवातीच्या पानांवर कोणीतरी ते उतरवून ठेवले होते. इलियडला घट्ट धरून राहिल्यामुळे तिची हरवलेली भावंडे निदान नावापुरती वाचली, असे म्हणायला हरकत नाही.

किप्रियाच्या ज्या थोड्या ओळी उरल्या आहेत, त्यांतला एक तुकडा मराठी वाचकाला थबकायला लावील असा आहे. माणसांच्या असंख्य टोळ्या झाल्या, त्यांच्या भाराने पृथ्वी दबून गेली, देवांचा राजा झ्यूस याला तिची दया आली, आणि तो भार हलका करण्यासाठी त्याने ट्रॉयच्या युद्धाची आग पेटवली, असे त्यात म्हटले आहे. महाभारताच्या आदिपर्वात पृथ्वी ब्रह्मदेवाकडे हेच गाऱ्हाणे घेऊन जाते, आणि 'भूभारहरण' हा शब्द आपण पुराणांतून ऐकत आलो आहोत. हे साम्य समान वारशामुळे आले, की मधल्या प्रदेशांतून कल्पना इकडून तिकडे गेली, यावर विद्वानांत एकमत नाही. मी स्वतः पश्चिम आशियातल्या जुन्या पुराणकथांकडे बोट दाखवणाऱ्यांच्या बाजूला झुकते, कारण माणसांचा सुळसुळाट झाला म्हणून देवांनी संहार आरंभला ही कथा बॅबिलोनियातही आहे.

घोड्याचे म्हणाल, तर तो होमरमध्ये आहे, फक्त इलियडमध्ये नाही. ओडिसीत तो तीनदा येतो आणि तिन्ही वेळा आठवण म्हणून येतो. चौथ्या सर्गात ग्रीक राजा मेनेलाउस सांगतो की आम्ही घोड्याच्या पोटात दबा धरून बसलो असता माझी बायको हेलन, जिला पॅरिसने ट्रॉयला नेले होते, तिने बाहेरून तीन फेऱ्या मारल्या, लाकडावर हात फिरवला, आणि एकेका वीराला त्याच्या बायकोच्या आवाजात हाक मारली. अँटिक्लस उत्तर देणार तोच ओडिसियसने त्याचे तोंड दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले. दहा वर्षे घरापासून दूर असलेली माणसे, काळोखी पोकळी आणि बाहेरून येणारा बायकोचा आवाज: मला तर ही हकीकत खुद्द घोड्यापेक्षा भयंकर वाटते. आणि ती सांगितली जाते कधी, तर युद्धानंतर हेलन पुन्हा मेनेलाउसच्या घरी शेजारी बसलेली असताना. आठव्या सर्गात ओडिसियस अनोळखी पाहुणा म्हणून एका दरबारात बसला आहे आणि डेमोडोकस या अंध गायकाला तो स्वतःच घोड्याचे आख्यान गायला सांगतो. ते ऐकताना तो रडू लागतो. कसा, तर नगराच्या तटापुढे पडलेल्या नवऱ्याला मिठी मारून आक्रोश करणाऱ्या बाईसारखा, जिला मागून शत्रू भाल्याच्या दांड्याने ढोसत गुलामगिरीत नेत असतो. नगर जाळणाऱ्या माणसाला कवीने त्याच नगराच्या विधवेची उपमा दिली आहे.

लाओकून पुरोहित, त्याला विळखा घालणारे साप, खोटे बोलणारा सिनॉन आणि भेटी आणणाऱ्या ग्रीकांचे भय, हे सगळे ज्या तपशिलाने आपण ऐकतो ते रोमन कवी व्हर्जिलच्या लॅटिन काव्याच्या दुसऱ्या सर्गातून आलेले आहे, आणि व्हर्जिल इ.स.पू. १९ मध्ये वारला. चित्रकार मात्र या घोड्याच्या मागे फार पूर्वीपासून लागलेले होते. मिकोनोस बेटावर १९६१ मध्ये इ.स.पू. सातव्या शतकातला एक मोठा रांजण सापडला. त्याच्या गळ्यावर पायांना चाके लावलेला घोडा आहे आणि त्याच्या अंगावरच्या चौकोनी खिडक्यांतून सैनिकांची डोकी, रेल्वेच्या डब्यातून प्रवासी बघावेत तशी, बाहेर बघत आहेत. लपलेली माणसे दाखवायची कशी, हा कुंभारापुढचा प्रश्न होता आणि त्याने तो असा सोडवला.

टाचेची गोष्ट आणखी उशिराची आहे. अकिलीसची आई थेटिस हिने बाळाला टाचेला धरून पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवले आणि टाचेखेरीज त्याचे सारे अंग अभेद्य झाले, ही हकीकत स्पष्टपणे सापडते ती इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन कवी स्टेशिअस याच्या अपुऱ्या राहिलेल्या काव्यात. इलियडमधल्या अकिलीसला अशा कवचाचा पत्ताच नाही. एकविसाव्या सर्गात दोन्ही हातांनी एकदम भाले फेकणारा ॲस्टेरोपिअस त्याच्या उजव्या हाताला ओरखडा काढतो आणि काळे रक्त वाहू लागते. शिवाय त्याचे अंग अभेद्य असते, तर थेटिसने अग्निदेवाच्या दारात जाऊन मुलासाठी नवे चिलखत मागण्याचे कारणच काय होते? अकिलीस मरू शकतो आणि लवकर मरणार आहे, हे त्याला ठाऊक आहे. सारे काव्य यावर उभे आहे. त्याला अभेद्य केले की इलियडचा कणाच मोडतो.

सफरचंदही असेच नंतरच्या संकलनांतून आलेले आहे. तीन देवींत सर्वांत सुंदर कोण, या पॅरिसच्या निवाड्याचा इलियडमध्ये एकुलता एक उल्लेख चोविसाव्या सर्गाच्या आरंभी येतो आणि तो पाच-सहा ओळींत उरकलेला आहे. अगामेम्नॉनने आपली मुलगी इफिजेनिया हिचा बळी दिला, त्याचे तर नावही नाही. नवव्या सर्गात अगामेम्नॉन आपल्या तीन मुलींची नावे सांगतो आणि त्यांतली हवी ती अकिलीसला देऊ करतो, तेव्हा एक मुलगी वेदीवर गेल्याची चिन्हे तिथे दिसत नाहीत. तो बळी आपल्या मनात ठसला आहे तो अथेन्सच्या नाटककारांमुळे: एस्किलसचे 'अगामेम्नॉन' इ.स.पू. ४५८ चे आहे आणि युरिपिडीसचे इफिजेनियावरचे नाटक त्याच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आले. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रावरील ग्रंथात यावर मार्मिक टिप्पणी केली आहे. इलियड आणि ओडिसी यांतून प्रत्येकी एखादे किंवा फार तर दोन नाटके निघतील, पण किप्रियातून कितीतरी आणि लहान इलियडमधून आठाहून अधिक निघतात, असे तो म्हणतो. हे त्याने होमरच्या कौतुकासाठी लिहिले आहे. बाकीचे कवी घटनांची माळ ओवत गेले. होमरने एक घटना घेतली आणि बाकीचे सारे तिच्या पोटात घातले.

आता वाचताना आपल्याला नक्की खटकले असेल अशा एका गोष्टीविषयी. अकिलीस तंबूत बसून बोलतो तरी तो 'चपळ पायांचा' का? नवव्या सर्गात तो पाहुण्यांसमोर बसून उत्तर देतो, तिथेही हेच विशेषण आहे. याचे उत्तर वृत्तात आहे. होमरची प्रत्येक ओळ सहा गणांची असते. गण एक तर गुरु-लघु-लघु, म्हणजे शाळेत शिकलेला आपला भगण ('भास्कर', 'मानस'), किंवा दोन गुरु. इलियडची पहिली ओळ अशी चालते: दोन भगण, मग दोन गुरु, पुन्हा दोन भगण, आणि शेवटी पुन्हा दोन गुरु. ओळीच्या शेवटी किती जागा उरली आहे त्यावर अकिलीस 'चपळ पायांचा' होतो की नुसता 'तेजस्वी', हे ठरते. गीतेत अर्जुन कुठे पार्थ, कुठे गुडाकेश, कुठे महाबाहो का होतो, हे ज्याने छंद मोजून पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की ही ठरावीक शब्दबंधांची व्यवस्था इतकी काटेकोर आहे की ती एका कवीच्या डोक्यातून निघणे शक्य नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गायकांनी, लोकांसमोर गातागाता ओळी रचता याव्यात म्हणून ती घडवली असली पाहिजे. हे पडताळण्यासाठी तो १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियातल्या खेड्यांत ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन फिरला. तिथे अवदो मेजेदोविच या निरक्षर गायकाने त्याला बारा हजारांहून अधिक ओळींचे एक काव्य सांगून लिहवून दिले, म्हणजे लांबीला जवळजवळ ओडिसीएवढे. त्याच वर्षी, १९३५ मध्ये, पॅरी तेहतिसाव्या वर्षी वारला आणि पुढचे काम त्याचा विद्यार्थी आल्बर्ट लॉर्ड याने केले. एवढे काव्य लेखनाशिवाय डोक्यात कसे राहील, हा जुना आक्षेप त्यानंतर फारसा कोणी घेत नाही.

या शोधाचा एक तोटा झाला. ठरावीक शब्दबंध म्हणजे साचे, आणि साच्यात अर्थ कुठला, असे काही काळ मानले गेले. त्याला माझे उत्तर दोन मागांचे आहे. तिसऱ्या सर्गात हेलन घरात मागावर मोठे दुहेरी वस्त्र विणत बसली आहे आणि त्यात ती आपल्यापायी चाललेल्या लढायांची चित्रे भरते आहे. बाविसाव्या सर्गात अँड्रोमकी घराच्या आतल्या भागात मागावर बसली आहे. जवळजवळ तेच शब्द, तसेच दुहेरी वस्त्र, पण नक्षी रंगीबेरंगी फुलांची. तिने दासींना चुलीवर मोठे तिवईचे भांडे चढवायला सांगितले आहे, कारण हेक्टर लढून आला की त्याला आंघोळीला ऊन पाणी हवे. हेक्टर मेला आहे हे आपल्याला ठाऊक आहे, तिला नाही. तटावरून रडण्याचा आवाज येतो, तिचे अंग थरथरते आणि धोटा हातातून जमिनीवर पडतो. ती धावत तटावर जाते, घोड्यांमागे फरपटत चाललेला देह बघते, आणि मूर्च्छा येऊन पडताना तिच्या डोक्यावरचा साज गळतो; त्यातली ओढणी तिला लग्नाच्या दिवशी अफ्रोडाइटीने दिलेली असते. माग हा साचाच आहे. पण जिच्यामुळे युद्ध पेटले ती युद्ध विणते आणि जिचे घर त्यात जळणार आहे ती फुले विणते, हा फरक ज्याने साचा ओळखला आहे त्यालाच दिसतो. हेक्टरचे नेहमीचे विशेषण 'लखलखत्या शिरस्त्राणाचा' असे आहे. सहाव्या सर्गात त्याचा मुलगा त्याच शिरस्त्राणाला भिऊन दाईच्या कुशीत तोंड लपवतो, आणि बाप हसून ते काढून खाली ठेवतो. साच्यातले विशेषण कवीने तिथे जिवंत वस्तू करून हाताळले आहे.

युद्ध खरोखर झाले का, या प्रश्नाचे उत्तर मी थोडक्यात देते, कारण त्यावर हवी त्यापेक्षा जास्त शाई खर्च झाली आहे. तुर्कस्तानच्या वायव्येला, दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीजवळ हिसारलिक नावाचे टेकाड आहे. त्याचा काही भाग फ्रँक कॅल्व्हर्ट याच्या मालकीचा होता. ट्रॉय इथेच असावे हे त्याने हाइनरिख श्लीमान याच्या गळी उतरवले आणि श्लीमानने १८७० मध्ये खणायला सुरुवात केली. नावलौकिक श्लीमानला मिळाला, कॅल्व्हर्ट बाजूला पडला. १८७३ मध्ये श्लीमानला सोन्याचा साठा सापडला आणि त्याने तो हेक्टरचा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम याचा खजिना म्हणून जाहीर केला. प्रत्यक्षात तो ज्या थरातला आहे तो मानलेल्या युद्धकाळापेक्षा हजाराहून अधिक वर्षांनी जुना आहे. वरचे थर त्याने घाईने कापून काढले, आणि जे तो शोधत होता त्यातले काही त्याच राडारोड्यात गेले असणार. तो खजिना पुढे बर्लिनमधून १९४५ मध्ये नाहीसा झाला आणि आज मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. नंतर डर्पफेल्ड, ब्लेगन आणि १९८८ पासून कोर्फमान यांनी अधिक शिस्तीने उत्खनन केले. एकावर एक नऊ मुख्य वसाहतींपैकी सहावी आणि सातवीचा पहिला टप्पा या दोन युद्धकाळाच्या जवळपास येतात, आणि दोन्हींचा नाश झालेला दिसतो.

याहून मोलाचा पुरावा मला आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती साम्राज्याची राजधानी हत्तुशा इथल्या, लेख कोरलेल्या मातीच्या विटांवर दिसतो. इ.स.पू. १२८० च्या सुमारास हित्ती राजा मुवातल्ली दुसरा याने विलुसा नावाच्या राज्याच्या अलक्सांदु या राजाशी करार केला. ट्रॉयचे होमरमधले दुसरे नाव इलिओस, आणि ग्रीकमधला गळून गेलेला 'व' परत बसवला की ते होते विलिओस. पॅरिसचे इलियडमधले नेहमीचे नाव आहे अलेक्झांड्रोस. याच कागदपत्रांत अहियावा नावाची पश्चिमेची सत्ता येते, आणि होमर ग्रीकांना अखियन म्हणतो. यावरून हेलनसाठी एक हजार जहाजे निघाली असे ठरत नाही. एवढेच ठरते की इथे नगर होते, त्याचे नाव हेच होते आणि ग्रीकांचा या किनाऱ्यावर वावर होता. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने उकललेल्या मायसीनीकालीन (होमरच्या कित्येक शतके आधीच्या कांस्ययुगीन ग्रीसमधल्या) लिपीतल्या विटांवर अकिलीस आणि हेक्टर ही नावेही आहेत, मात्र ती साध्यासुध्या माणसांची आहेत, कोणा वीराची नव्हेत.

काव्य स्वतः कोणत्याही एका काळाचे चित्र नाही. दहाव्या सर्गात ओडिसियस रानडुकराचे सुळे ओळीने शिवलेले चामड्याचे शिरस्त्राण घालतो. अशी शिरस्त्राणे मायसीनीकालीन थडग्यांत सापडली आहेत आणि होमरच्या कित्येक शतके आधी ती वापरातून गेली होती. उलट रथ कशासाठी असतात हे कवीला नीटसे आठवत नाही: त्याचे वीर रथातून रणांगणापर्यंत जातात, खाली उतरतात आणि पायी लढतात. रथ बाजूला थांबून राहतो, रिक्षासारखा. शेकडो वर्षे तोंडोतोंडी आलेल्या काव्यात असेच होणार. एखादी वस्तू जशीच्या तशी राहते आणि तिच्या शेजारची निम्मी विसरली जाते.

भारताशी याचा संबंध किती, हेही नेहमी विचारले जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा ग्रीक वक्ता डिओ क्रिसोस्टम लिहितो की भारतीयांनी होमर आपल्या भाषेत आणला आहे आणि ते प्रायमची दुःखे गातात. त्याच्या कानावर बहुधा महाभारताची वार्ता गेली असावी. गांधारातल्या एका शिल्पपटात मात्र चाकांवरचा घोडा, भाला रोखलेला पुरुष आणि दारात हात उंचावून उभी असलेली स्त्री आहे; तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि ती कथा ट्रॉयचीच आहे हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. यापेक्षा खोल नाते शब्दांत आहे. अकिलीस नवव्या सर्गात ज्या 'क्लेओस अफ्थितोन'ची, म्हणजे न झिजणाऱ्या कीर्तीची गोष्ट करतो, ती शब्दशः ऋग्वेदातल्या 'श्रवः अक्षितम्' या कल्पनेची बहीण आहे. दोन्ही शब्दजोड्यांची मुळे एकच आहेत, हे आडाल्बर्ट कून याने १८५३ मध्येच लक्षात आणून दिले होते.

पुन्हा वाचायला बसलात तर माझ्या मते पहिला, तिसरा, सहावा, नववा, सोळावा, अठरावा, बाविसावा आणि चोविसावा हे सर्ग सावकाश वाचावेत. दुसऱ्या सर्गातली जहाजांची यादी पहिल्या खेपेला सोडली तरी चालेल. ११८६ जहाजे आहेत आणि ती कुठे पळून जात नाहीत. मग ओडिसीचा चौथा आणि आठवा सर्ग घ्यावा, म्हणजे घोडा भेटेल. व्हर्जिल त्यानंतर. चोविसाव्या सर्गाविषयी एकच सांगते: प्रायम रात्री एकटा शत्रूच्या तंबूत शिरतो आणि आपल्या कितीतरी मुलांना मारणाऱ्या त्या हातांचे चुंबन घेतो, मग दोघेही रडतात, प्रायम हेक्टरसाठी, अकिलीस कधी घरी राहिलेल्या म्हाताऱ्या बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी. ते एकमेकांसाठी रडत नाहीत, हे वाचताना सुटू देऊ नका. त्यानंतर अकिलीस त्याला जेवायला बसवतो.

आणि आपल्याला हवा होता तो घोडा नसला, तरी इलियडच्या अखेरच्या शब्दात एक घोडा आहे. "असे त्यांनी हेक्टरचे अंत्यसंस्कार केले" या ओळीचा शेवट ज्या विशेषणाने होतो ते 'हिप्पोदामोस', घोड्यांना काबूत आणणारा. त्यातला 'हिप्पोस' आणि आपला 'अश्व' मुळात एकच शब्द आहे, आणि 'दाम' हा आपला 'दम्' धातू. म्हणून माझ्या अनुवादात मी हेक्टरला 'अश्वदम' म्हटले आहे. काही प्राचीन प्रतींत मात्र ही ओळ वेगळी होती. गायकाला पुढची काव्ये सलग गायची असत, तेव्हा 'अश्वदम' हा शब्द गाळून त्या जागी "आणि मग ॲमेझॉन आली" असे जोडले जाई, आणि श्रोते थेट पेन्थेसिलेइयाच्या कथेत शिरत.